रॉचेस्टरचा गोल कोपरा

लंडनहून डोव्हर बंदराकडे जाणारा जुना रोमन रस्ता जेथें मेडवे नदी ओलांडतो, तेथें नदीच्या कांठीं रॉचेस्टर नांवाचें एक टुमदार शहर वसलेलें आहे. डिकन्सचें ‘पिकविक पेपर्स’ ज्यांनीं वाचलें आहे, त्यांना हें नांव परकें वाटणार नाहीं. या शहरांत नदीच्या अगदीं काठावर एक प्रचंड दगडी मनोरा आठ शतकांहून अधिक काळ उभा आहे. त्याच्या भिंती ११३ फूट उंच असून कोपऱ्यावरचे बुरूज त्याहूनहि दहा-बारा फूट वर गेलेले आहेत. इंग्लंडमध्यें जे नॉर्मन काळचे बालेकिल्ले शिल्लक आहेत, त्यांत एवढा उंच दुसरा नाहीं.

या मनोऱ्याकडे जरा निरखून पाहणाऱ्या मनुष्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसते. मनोरा चौकोनी आहे, त्याला चार कोपरे आहेत. त्यांपैकीं तिहींवरचे बुरूज चौकोनी आहेत, आणि दक्षिणेकडील चौथा मात्र गोल आहे. बांधणाराचा हात चुकला म्हणावें, तर तीन कोपरे इतके बिनचूक साधणारा कारागीर चौथ्याच ठिकाणीं कसा चुकेल? शोभेसाठीं केलें म्हणावें, तर तसें कोठल्याच शिल्पकाराला सुचणार नाहीं. हा चौथा कोपरा गोल कां, एवढाच प्रश्न आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे. या प्रश्नाच्या उत्तरांत त्या किल्ल्याचा सारा इतिहास सांठविलेला आहे. आणि जुन्या वास्तूंचें रक्षण म्हणजे नेमकें काय करावयाचें, याचाहि उलगडा त्यांतूनच होतो.

१०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि तो इंग्लंडचा राजा झाला. त्याच्याबरोबर आलेले नॉर्मन सरदार मूठभर होते आणि जिंकलेला मुलूख विस्तीर्ण होता. परक्या, रुष्ट प्रजेंत राहून सत्ता टिकवावयाची, तर रात्रीं निर्धास्तपणें पाठ टेकावयाला जागा हवी. म्हणून नॉर्मन लोक जेथें गेले तेथें त्यांनीं प्रथम मातीचा उंच टेकाड रचला, त्यावर लांकडी मनोरा उभारला, भोंवतीं खंदक खणला आणि लांकडी कुंपण घातलें. असे किल्ले थोड्या आठवड्यांत उभे राहात. पुढें सवड मिळाली तशी लांकडाची जागा दगडानें घेतली. रॉचेस्टरचा घाट आणि पूल ज्याच्या ताब्यांत, त्याच्या ताब्यांत लंडनची वाट. तेव्हां तेथें किल्ला बांधला गेला यांत नवल नाहीं.

विल्यमच्या मृत्यूनंतर त्याचा सावत्र भाऊ ओडो यानें १०८८ सालीं नव्या राजाविरुद्ध बंड केलें आणि तो रॉचेस्टरमध्यें ठाण मांडून बसला. राजानें वेढा घातला व बंडवाल्यांना शरण यावें लागलें. यानंतर रॉचेस्टरचा बिशप गंडल्फ यानें राजासाठीं येथें दगडी तट बांधून दिला. हा गंडल्फ मोठा विलक्षण गृहस्थ होता. पेशानें तो धर्मगुरु, पण चुना आणि दगड यांची जाण त्याला उत्तम गवंड्याइतकी होती. लंडनचा सुप्रसिद्ध ‘श्वेत मनोरा’ याच्याच देखरेखीखालीं उभारला गेला. रॉचेस्टरच्या तटाला सुमारें साठ पौंड खर्च आला, अशी नोंद तेथील मठाच्या जुन्या दफ्तरांत सांपडते.

आपण ज्या मनोऱ्याबद्दल बोलत आहों तो याच्यानंतरचा. ११२७ सालीं पहिल्या हेन्री राजानें हा किल्ला कँटरबरीचा आर्चबिशप विल्यम द कॉर्बेल व त्याच्यामागून येणारे आर्चबिशप यांच्या स्वाधीन केला आणि आंत मनोरा बांधण्याची परवानगी दिली. मनोऱ्याची प्रत्येक बाजू सुमारें सत्तर फूट, आणि भिंतींची जाडी पायथ्याशीं अकरा ते तेरा फूट. भिंतींचा दगड त्याच केंट प्रांतांतला ओबडधोबड, परंतु कोपरे आणि कमानी यांसाठीं लागणारा मऊसर पांढुरका चिरा समुद्रापलीकडून, नॉर्मंडींतील कां येथून आणलेला. दरवाजा जमिनीवर नाहीं. बाहेरच्या जिन्यानें वर चढून मगच आंत शिरावयाचें. मनोऱ्याच्या मधोमध एक आडवी भिंत तळापासून माथ्यापर्यंत गेलेली असून तिच्या पोटांतून विहिरीची नळी वर नेलेली आहे. म्हणजे कोणत्याहि मजल्यावर उभें राहून पोहरा सोडावा आणि पाणी काढावें. वेढा पडला तरी पाण्यावांचून कोणी मरूं नये, हा हेतु. आणि जेथें राजपुरुष बसत त्या दालनांत याच आडव्या भिंतीला जाड गोल खांब देऊन त्यांवर नागमोडी नक्षीच्या कमानी घातलेल्या आहेत. ही आडवी भिंत ध्यानांत ठेवावी. तिचें काम पुढें येणार आहे.

आतां १२१५ सालाकडे वळूं. त्या वर्षाच्या जून महिन्यांत जॉन राजाला त्याच्या सरदारांनीं कोंडींत पकडून ‘मॅग्ना कार्टा’ या सनदेवर मोहोर उमटवावयास लावलें, हें आपण शाळेंत शिकलों आहों. पुढें काय झालें तें मात्र शाळेंत फारसें सांगत नाहींत. राजानें लवकरच सनद झुगारून दिली, सरदारांनीं पुनः शस्त्र उचललें, आणि विल्यम द ऑबिन्यी नांवाच्या सरदारानें शंभराच्या आसपास योद्धे घेऊन रॉचेस्टरचा किल्ला अडविला. राजा लंडनकडे येणार तो याच वाटेनें. ऑक्टोबरच्या मध्यावर जॉन स्वतः फौजेसह रॉचेस्टरला पोंचला. त्यानें कँटरबरीच्या लोकांस हुकूम पाठविला कीं, रात्रंदिवस काम करून शक्य तितक्या कुदळी तयार करा आणि इकडे धाडा. त्या हुकुमावरूनच त्याचा बेत उघड होतो.

राजाजवळ दगड फेकणारीं पांच मोठीं यंत्रें होतीं. त्यांचा मारा अहोरात्र चालला होता, तरी तेरा फुटांच्या भिंतीवर त्याचा परिणाम बेताचाच होत होता. तेव्हां त्यानें सुरुंगाचा मार्ग धरला. सुरुंग म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें दारूचा स्फोट येतो. पण त्या काळीं युरोपांत बंदुकीची दारू ठाऊक नव्हती. त्या वेळचा सुरुंग म्हणजे भिंतीच्या पायाखालीं खणलेलें भुयार. पायाखालची माती काढीत जावयाचें आणि वरची भिंत अवेळीं कोसळूं नये म्हणून जागोजागीं लांकडी टेकू देत जावयाचें. भुयार पुरेसें झालें म्हणजे आंत सरपण भरून आग लावावयाची. टेकू जळाले कीं भिंतीला आधार उरत नाहीं आणि ती आपल्याच वजनानें खालीं बसते. कुदळ आणि विस्तव, एवढींच काय तीं साधनें! बाहेरचा तट अशाच रीतीनें पडला आणि आंतले लोक मनोऱ्यांत शिरले. मग मनोऱ्याच्या दक्षिण कोपऱ्याखालीं भुयार सुरू झालें.

२५ नोव्हेंबर १२१५ रोजीं राजानें आपला कारभारी ह्यूबर्ट द बर्ग याला जो लेखी हुकूम धाडला तो आजहि उपलब्ध आहे. चाळीस डुकरें पाठवावीं, तीं अत्यंत चरबीदार असावीं आणि खाण्याच्या दृष्टीनें कमी प्रतीचीं असलीं तरी चालतील, अशी ती मागणी होती. मनोऱ्याखालीं आग पेटविण्यासाठीं ती आहे, असेंहि राजानें स्पष्ट लिहिलें होतें. डुकरांची चरबी भुयारांत गेली, टेकू धडाडून पेटले, आणि सत्तर वर्षांहून अधिक काळ अभेद्य मानलेला तो कोपरा खालपासून वरपर्यंत ढासळला.

तरीहि आंतले लोक शरण आले नाहींत! आपण मघाशीं जी मधली भिंत ध्यानांत ठेवली, तिच्या पलीकडे ते सरकले आणि अर्धा मनोरा हातचा गेला असतां उरलेल्या अर्ध्यांत लढत राहिले. अन्न संपलें होतें. घोडे मारून खाण्याची पाळी आली होती. लढण्यास असमर्थ अशा कांहींना त्यांनीं बाहेर घालविलें, तेव्हां राजानें त्यांचे हातपाय तोडविले, असें एका समकालीन बखरकारानें लिहून ठेवलें आहे. अखेर ३० नोव्हेंबर रोजीं उपासमारीनें त्यांना दार उघडावें लागलें. सर्वांना फांशीं द्यावें असें राजाच्या मनांत होतें. परंतु त्याच्याच एका सरदारानें समजाविलें कीं, आज आपण यांना लटकाविलें तर उद्यां आपले लोक शत्रूच्या हातीं सांपडतील तेव्हां त्यांचीहि तीच गत होईल. म्हणून बहुतेकांना कैद झाली. फांशीं गेला तो एकटा एक धनुर्धारी. लहानपणापासून राजाच्या पदरीं वाढून तो उलटला, हा त्याचा अपराध. रॉचेस्टरनंतर किल्ल्यांवर भरंवसा टाकणारे फार थोडे उरले, असा अभिप्राय त्याच बखरकारानें नमूद केला आहे.

पुढच्याच वर्षीं जॉन मरण पावला. त्याचा मुलगा तिसरा हेन्री याच्या कारकीर्दींत पडलेला कोपरा पुनः बांधण्यांत आला. परंतु तो चौकोनी न बांधतां गोल बांधला. मधल्या शंभर वर्षांत युद्धकला पुढें गेली होती. चौकोनी कोपऱ्याचा एकेक चिरा पहारीनें उचकटतां येतो. गोल बुरुजाला पहार घालावयास टोकच सांपडत नाहीं, आणि दगडाचा मारा त्यावरून निसटून जातो. बापानें जें पाडलें तें मुलानें उभारलें, पण पाडलें होतें ही गोष्ट लपविली नाहीं. आपल्या प्रश्नाचें उत्तर हें असें आहे. तो गोल कोपरा म्हणजे भरून आलेल्या जखमेचा व्रण होय.

१२६४ सालीं सायमन द माँटफर्टच्या बंडांत किल्ल्याला पुनः वेढा पडला व मोठें नुकसान झालें. चौदाव्या शतकांत तिसऱ्या एडवर्डनें डागडुजी केली. पुढें तोफा आल्या, उंच मनोऱ्यांचें महत्त्व गेलें, आणि किल्ल्यावर सर्वांत कठीण प्रसंग आला, तो म्हणजे निरुपयोगीपणाचा. १६१० सालीं जेम्स राजानें तो सर अँथनी वेल्डन यास देऊन टाकला. त्या घराण्यानें तुळया आणि तक्ते काढून विकले. तेव्हांपासून मनोऱ्याला ना छप्पर ना मजले. भिंतींचे दगडहि विकण्याचा प्रयत्न झाला. परंतु जुना चुना इतका घट्ट धरून बसला होता कीं दगड सुटे करण्याची मजुरी त्यांच्या किंमतीहून अधिक होऊं लागली, आणि तो उद्योग सोडून द्यावा लागला, असें जुने स्थानिक इतिहासकार सांगतात. राजाच्या सैन्याला जें अर्धवट साधलें, तें व्यापाऱ्याला चुन्यानें साधूं दिलें नाहीं!

येथें या चुन्याविषयीं दोन शब्द बोलले पाहिजेत. अशा भिंती आंतबाहेर सारख्या भरीव नसतात. बाहेरून व आंतून घडीव दगडाचे पापुद्रे आणि मध्यें चुना-खडीचा भराव, अशी त्यांची रचना असते. डोक्यावर छप्पर असेपर्यंत भराव कोरडा राहतो. छप्पर गेलें कीं पावसाचें पाणी भिंतीच्या माथ्यावरून आंत मुरतें, हिंवाळ्यांत तें गोठून फुगतें आणि दगडांना बाहेर ढकलतें. वेली व झुडपें दरजांतून मुळें घालतात. चुन्याच्या दरजांतून भिंत श्वास घेते, म्हणजे आंत गेलेली ओल त्या वाटेनें बाहेर पडते. विसाव्या शतकांत ठिकठिकाणीं चांगल्या हेतूनें या दरजा सिमेंटानें भरण्यांत आल्या. त्यामुळें ओल आंतच कोंडली आणि दरज शाबूत राहून शेजारचा दगड मात्र झडूं लागला. म्हणून आतां जाणते लोक जुन्या भिंतीला जुन्या पद्धतीचा चुनाच वापरतात. रक्षण करावयाचें तर वस्तूचा स्वभाव आधीं समजला पाहिजे, हा त्यांतला धडा.

परंतु स्वभाव समजला तरी एक मोठा वाद उरतोच. जुनी वास्तु आहे तशी राखावी, कीं ती मूळची जशी असेल तशी पुनः घडवावी? एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्यें दुसऱ्या पक्षाचा जोर होता. नॉरिच येथील नॉर्मन मनोऱ्याचा बाहेरचा झिजलेला दगड १८३० नंतरच्या दशकांत काढून त्यावर सर्वस्वीं नवा दगड बसविण्यांत आला. नक्षी जुन्याबरहुकूम, पण ज्या दगडावर नॉर्मन कारागिराची छिन्नी चालली होती तो दगड गेला. या वृत्तीला कंटाळून कवि व कलावंत विल्यम मॉरिस यानें १८७७ सालीं प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठीं एक संस्था स्थापन केली. जुन्या इमारतीची रोजच्या रोज निगा ठेवा, गळकें छप्पर वेळेवर शिवा, पण तिच्यावर आपली कल्पना लादूं नका, असें तिचें सांगणें होतें.

कायदा यामागून, मंद पावलांनीं आला. १८८२ सालीं इंग्लंडांत प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा पहिला कायदा झाला. तो मुख्यतः इतिहासपूर्व काळांतील टेकाडें व शिळावर्तुळें यांपुरता होता, आणि मालकाच्या खुषीवांचून सरकारला कांहीं करतां येत नसे. मालकी हक्काला हात लावणें म्हणजे पार्लमेंटला पाप वाटे. हिंदुस्थानांत मात्र लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत १९०४ सालीं जो कायदा झाला, त्यांत जरूर पडल्यास स्मारक सक्तीनें ताब्यांत घेण्याची तरतूद होती. परक्या प्रजेच्या मालमत्तेविषयीं पार्लमेंटचें मन तितकें हळवें नसावें! पुढें १९११ सालीं टॅटरशॉल येथील किल्ल्यांतून कोरींव दगडी शेकोट्या उपटून विकल्या गेल्या, तेव्हां याच कर्झनसाहेबांनीं तो किल्ला विकत घेतला व शेकोट्या परत मिळविल्या. आणि त्या गवगव्यानंतर १९१३ सालीं इंग्लंडांतहि सक्तीचा अधिकार देणारा कायदा झाला. आपल्याकडे १९०४ च्या कायद्याची जागा पुढें स्वतंत्र भारताच्या १९५८ च्या कायद्यानें घेतली, आणि रायगड, शिवनेरी यांसारखे गड आज त्याच्या संरक्षणाखालीं आहेत. १८१८ सालीं ज्या सत्तेच्या तोफांनीं रायगडावरचा वाडा जाळला, तिनेंच स्मारकरक्षणाचा कायदा मागें ठेवावा, हा इतिहासाचा खेळ रॉचेस्टरच्या बापलेकांची आठवण करून देतो.

रॉचेस्टरचें रक्षण मात्र प्रथम कायद्यानें झालें नाहीं. तें तेथील नागरिकांनीं केलें. १८७० सालीं शहरानें किल्ल्याची जागा त्याच्या मालकाकडून भाड्यानें घेऊन तेथें सार्वजनिक बाग केली, आणि १८८४ सालीं किल्ला विकतच घेतला. त्याच १८७० सालीं जवळच राहणारा डिकन्स वारला. किल्ल्याच्या तटाखालच्या लहानशा स्मशानभूमींत आपल्याला विसावा मिळावा, अशी त्याची इच्छा होती. परंतु राष्ट्रानें त्याला वेस्टमिन्स्टर ॲबींत नेलें. पुढें १९६५ सालीं मनोऱ्याची देखभाल सरकारी बांधकामखात्याकडे गेली, १९८४ सालीं ती ‘इंग्लिश हेरिटेज’कडे आली, आणि रोजचा कारभार आज मेडवेचें स्थानिक मंडळ पाहतें. बागेंत मुलें खेळतात, गांवचे लोक संध्याकाळीं बसतात, आणि त्यांच्या डोक्यावर तीन चौकोनी व एक गोल असे चार बुरूज उभे असतात.

मग आतां या मनोऱ्याला पुनः छप्पर घालावें काय? हा प्रश्न पोकळ नाहीं. छपरावांचून पाऊस आंत येत राहणार आणि दगड झिजत राहणार. यॉर्क येथील क्लिफर्डच्या मनोऱ्यांत २०२२ सालीं भिंतींवर भार न टाकतां स्वतंत्र खांबांवर उभी राहणारी लांकडी गच्ची बसविण्यांत आली. उद्यां मनांत आलें तर ती काढूनहि घेतां येईल. नवें काम जुन्याला इजा न करणारें असावें, तें नवें म्हणून ओळखूं यावें, आणि परत उतरवितां यावें, अशी तिची तिहेरी कसोटी सांगतां येईल. या कसोटीला उतरणारें छप्पर हें रक्षण होय. न उतरणारें छप्पर सुंदर असलें तरी तें रक्षण नव्हे.

आणि ही कसोटी कांहीं आजच्या विद्वानांनीं शोधलेली नाहीं. सुमारें आठशें वर्षांपूर्वीं ज्या अनामिक गवंड्यांनीं रॉचेस्टरचा चौथा कोपरा बांधला, त्यांनीं पडलेला भाग भक्कम केला, पण जुन्या तिघांचें सोंग त्याला दिलें नाहीं. त्यांनीं तो चौकोनी बांधला असता, तर चाळीस डुकरांची, कुदळींची, उपाशी माणसांची आणि त्या एका धनुर्धाऱ्याची कथा आज ग्रंथांत राहिली असती, दगडांत नाहीं. २०२५ सालीं आपल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें. आतां त्यांच्या दुरुस्तीसाठीं उत्साहानें हात पुढें येतील, आणि ते यावेतच. मात्र ढासळलेल्या तटाला सिमेंट फासण्यापूर्वीं किंवा फुटक्या बुरुजाला कोरा करकरीत मुखवटा चढविण्यापूर्वीं, तो तट कोणी व कशासाठीं फोडला हें आपण विचारून घ्यावें. तें भगदाडहि आपल्याच इतिहासाचें अक्षर असूं शकेल. तें पुसूं नये. तें वाचतां येईल अशा बेतानें त्याच्या भोंवतींचा दगड मात्र सांवरून धरावा.